तीन सेकंदांनी हिरवी खूण

संपादकांनी फोनवर मला विषय सुचवला, 'संगणक क्षेत्रातली स्त्री आणि तिची भरारी'. मी म्हटलं, भरारी-बिरारी मला जमणार नाही. एकतीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत एका खुर्चीत बसून कोड लिहिला, कंबर गेली, चष्म्याचा नंबर वाढला, ह्यात भरारी कुठून आणू? लिहायचंच असेल तर मी लिहिलेल्या एका खोट्या ओळीबद्दल लिहीन. ते जरा घुटमळले. "दिवाळीचा अंक आहे, काहीतरी प्रसन्न असलं तर..." म्हणाले. मी म्हटलं, छापा नाहीतर नका छापू. त्यांनी छापलंय, म्हणजे माणूस बरा आहे.

एक आधीच सांगते. ह्या प्रकरणानंतर माझ्या जुन्या ऑफिसातले काहीजण मला बघून रस्ता बदलतात. कांदिवलीच्या भाजी मार्केटात तर एकजण चक्क कोबीच्या ढिगाआड गेला, जणू मी त्याला तिथेच पकडून जबानी घेणार होते. जाऊ दे. मी केलं ते केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, फक्त नऊ वर्षं आधी करीन.

माझं काम होतं सह्या तपासायचं. कागदावरच्या नव्हे, संगणकातल्या. डॉक्टर, सीए, कंपन्यांचे डायरेक्टर ह्यांना पेन ड्राइव्हसारखं दिसणारं एक डोंगल मिळतं. ते संगणकाला लावायचं, पासवर्ड टाकायचा, की सही झाली. सहीबरोबर एक सर्टिफिकेट जातं, त्यात लिहिलेलं असतं की ही सही अमक्याची आहे आणि अमक्या तारखेपर्यंत चालेल. ते देणारी संस्था वेगळी असते. डोंगल हरवलं, चोरीला गेलं, की त्या संस्थेला कळवायचं आणि ती सर्टिफिकेट रद्द करते. रद्द करते म्हणजे काय, तर त्याचा नंबर एका यादीत टाकते. यादी खुली असते, तुम्ही-आम्ही कुणीही बघू शकतो.

आता खरी मेख इथे आहे. आपण रद्द झालोय हे त्या डोंगलला कळत नाही. ते पूर्वीसारखंच सही करत राहतं. म्हणून सही बघणाऱ्या प्रोग्रामनं दर वेळी जाऊन यादी बघायची, की हा नंबर ह्यात आहे का? नसला तर हिरवी खूण. असला आणि सही रद्द झाल्यानंतरची असली, तर लाल. पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, मोबाइलनं स्कॅन करायचा? तो स्कॅन केल्यावर हिरवी खूण दिसायची, ती माझी. म्हणजे माझ्या प्रोग्रामची. उपनगरातल्या बऱ्याच लॅबनी तो घेतला होता.

लोक म्हणतील, एवढं रद्द-बिद्द करायची वेळ येतेच कशाला? अहो, बोरिवलीला एका सीएंकडे गेले होते मी, प्रोग्राम बसवायला. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. उघडला तर आत बिस्किटं कसली, पंचवीसेक डोंगलं! प्रत्येकाला चिकटपट्टी, वर मालकाचं नाव, खाली पासवर्ड. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"क्लायंट पासवर्ड विसरतात ना मॅडम. आम्हीच सांभाळतो सगळं."

एका चिकटपट्टीवर नावाआधी 'कै.' लिहिलेलं. मी ते बोटानं दाखवलं. "हो, गेले बिचारे गेल्या वर्षी," ते हळहळत म्हणाले, "पण सही अजून झकास चालते." मला हसू आवरेना. तेव्हा हसले, आता आठवलं की हसू येत नाही. आपल्याकडे सही म्हणजे एक वस्तू, किल्लीसारखी शेजाऱ्याकडे ठेवून जायची, असंच सगळ्यांना वाटतं.

तर ती ओळ. घाटकोपरच्या एका मोठ्या लॅबमध्ये डेमो होता. बरोबर समीर होता. समीर माझ्यानंतर बारा वर्षांनी लागला, काम मीच त्याला शिकवलं, आणि पुढे तोच माझा साहेब झाला. होतं असं. आमचं अरे-तुरे मात्र तसंच राहिलं. लॅबची मीटिंगची खोली तळघरात, आणि तिथल्या नेटवरून बाहेरच्या बहुतेक साइट बंद. मी रिपोर्ट स्कॅन केला. यादी येईना. पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. मालक घड्याळ बघायला लागला. समीर माझ्या कानात, "शोभा, काहीतरी कर ना यार, वाट लागेल."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिथल्या तिथे एक ओळ घातली. यादीची तीन सेकंद वाट बघायची. नाही आली तर नंबर यादीत नाही असं धरायचं आणि पुढे जायचं. पुन्हा स्कॅन केला. तीन सेकंदांनी हिरवी खूण आली. मालकानं हात मिळवला, मसाला दूध मागवलं. ओळीच्या डोक्यावर मी शेरा टाकला होता, 'तात्पुरतं, डेमोनंतर काढणे, शो. कां.'

काढली नाही. खरं सांगते, विसरले. आणि 'तात्पुरतं' लिहिलेल्या ओळीला आमच्या धंद्यात दुसरं कुणी हात लावत नाही. कुणाला वाटतं ज्याची त्यानं काढावी, कुणाला वाटतं काढली तर भलतंच काही कोसळेल. अंधेरीच्या ऑफिसात चाचण्या व्हायच्या तेव्हा यादी पटकन यायची. लाल तिथे लाल, हिरवं तिथे हिरवं. सगळं चोख. पण लोकांनी कुठूनही स्कॅन केलं तरी तपासणी व्हायची लॅबमध्ये ठेवलेल्या सर्व्हरवर, आणि तिथल्या लोकांनी सुरक्षेसाठी बाहेरचे रस्ते बंद केलेले. तिथे यादी कधी पोचायचीच नाही. तिथे माझा प्रोग्राम प्रत्येक रिपोर्टला तीन सेकंद थांबायचा आणि हिरवी खूण करून मोकळा व्हायचा. दर वेळी लॉगच्या फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, प्रामाणिकपणे लिहायचाही, की यादी मिळाली नाही, पुढे गेलो. ती फाइल नऊ वर्षांत कुणी उघडली नाही. मीही नाही.

आमच्यातले काहीजण म्हणतील, शोभाताई, जगात बरेच प्रोग्राम असेच वागतात, यादी नाही मिळाली की पुढे जातात. माहितेय मला. त्यांचं त्यांच्यापाशी. माझ्या खुणेवर लोक औषधं घेत होते.

मग एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, एक आजी आल्यात. अपॉइंटमेंट नाही. विचारतायत, इथे ती हिरवी खूण कोण करतं?"

खाली गेले. सत्तरीच्या बाई, पायात स्पोर्ट्‌स शूज, खांद्याला कापडी पिशवी. डॉ. प्रभुदेसाई, मुलुंडच्या. पॅथॉलॉजिस्ट. मी हात जोडले. त्यांनी जोडले नाहीत.

त्या घाटकोपरच्या त्याच लॅबमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी जायच्या. बाकीच्या दिवसांसाठी डोंगल काउंटरवरच्या मुलीकडे, पासवर्ड चिकटपट्टीवर. "सगळेच देतात," त्या म्हणाल्या, "मीही दिलं. मूर्खपणा केला." मालकानं हळूहळू त्यांनी न बघितलेल्या रिपोर्टांवरही त्यांची सही मारायला सुरुवात केली. कळल्यावर त्यांनी काम सोडलं, डोंगल परत मागितलं. मालक म्हणाला, हरवलं. त्यांनी त्याच दिवशी सर्टिफिकेट रद्द करून घेतलं. इतपत सगळं बरोबर केलं.

चार महिन्यांनी त्यांना चौकशीची नोटीस आली. एका बाईच्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या सहीनं गेला होता, पेशी ठीक आहेत म्हणून. नव्हत्या ठीक. दुसऱ्या हॉस्पिटलनं पाहिलं तोवर उपचाराला उशीर झाला होता. चौकशी समितीनं रिपोर्ट स्कॅन केला. हिरवी खूण. सही खरी आहे, संगणकच सांगतोय, मग डॉक्टर तुमचं म्हणणं काय? पुढच्या सुनावणीत डॉक्टरकीची नोंदणीच जायची पाळी होती.

"बेचाळीस वर्षं मी मायक्रोस्कोपला डोळे लावले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण रिसेप्शनवरची मुलगी टाइप करायची थांबली. "शंका आली तर स्लाइड घरी नेऊन बघायचे. नातीच्या बारशाला उशिरा पोचले त्यापायी. आणि जो रिपोर्ट मी बघितलासुद्धा नाही, त्याच्यावर माझं नाव, आणि त्या नावावर तुम्ही बरोबरची खूण करता?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "डॉक्टर, आमचा प्रोग्राम यादी बघतो. तुमचं रद्द करणंच नीट झालं नसेल." आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. त्यांनी पिशवीतून कागद काढला. यादीचं पान. त्यांच्या सर्टिफिकेटचा नंबर, पुढे तारीख, त्यांनी पेनानं अधोरेखित केलेली. ह्या वयात एकटीनं शोधून काढलं होतं बाईंनी.

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला, वर गेले आणि कोड उघडला. दहा मिनिटं लागली. माझाच शेरा, माझीच अक्षरं, शो. कां. नऊ वर्षं मी लोकांना सांगत होते की आमचा प्रोग्राम रद्द झालेलं काही सोडत नाही.

खाली आले. चहा तसाच होता. म्हटलं, "चूक माझी आहे. तो यादी बघत नाही. नुसता थांबतो आणि हो म्हणतो."

"मग तसं लिहून दे," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. आल्यापासून पहिल्यांदा अगं-तुगं केलं, आणि ते मायेनं नव्हतं.

समीरकडे गेले. त्यानं दार लावून घेतलं. "वेडी झालीस का? आपण लिहून दिलं की हिरवी खूण खोटी, तर उद्या सगळ्या लॅब आपल्या दारात उभ्या राहतील."

"राहू देत. खोटीच आहे."

"अगं, रिटायर व्हायला सात महिने राहिलेत तुझे. गप्प बस ना. डॉक्टर आहेत त्या, वकील लावतील, सुटतील."

"कशाच्या जोरावर सुटतील? त्यांच्या विरुद्ध साक्षीदार आपला प्रोग्राम आहे!"

तो म्हणाला, पुढच्या तिमाहीत बघू. मी म्हटलं बरं. आणि त्या महिन्याच्या नेहमीच्या बदलांमध्ये मी माझी ओळ काढली. यादी मिळाली नाही तर पिवळी खूण, आणि खाली सरळ मराठीत, 'ही सही रद्द झाली आहे का, ते तपासता आलं नाही.' बदलांच्या यादीत सातव्या नंबरावर हे नीट लिहून समीरकडे मंजुरीला पाठवलं. चोरून काही केलं नाही. त्यानं न वाचता मंजूर केलं, जसं तो दर महिन्याला करायचा.

सोमवारी सकाळी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पिवळं! जी लॅब उघडावी ती पिवळी. मला वाटलं होतं चार-दोन असतील. कुठल्याच लॅबमध्ये यादी पोचत नव्हती म्हणायची पाळी. फोनवर फोन. एक मॅनेजर तर ओरडतच होता, "अहो मॅडम, पेशंट विचारतायत, पिवळी खूण म्हणजे कावीळ निघाली का!" जेवणाच्या सुट्टीपर्यंत समीरनं सगळं उलटं फिरवलं. माझी जुनी ओळ परत आत.

"वाट लावलीस तू, शोभा."

"वाट नऊ वर्षांपूर्वी लागली. आज दिसली."

"पिवळं दाखवायची गरज काय होती? लोक घाबरतात."

"मग हिरवं दाखवून फसवायचं त्यांना?"

तो गुप्ततेच्या कराराबद्दल बोलायला लागला. मी म्हटलं, "एक फाइल बाहेर नेणार नाही, एक कागद नेणार नाही. पण ती ओळ मी लिहिलीय, आणि मी जाऊन तेवढं सांगणार आहे. तुला आधी सांगतेय, नंतर म्हणू नकोस." तो हळू आवाजात म्हणाला, "मी तुला वाचवू शकणार नाही गं." मला वाईट वाटलं. माझे वडील आजारी होते तेव्हा हाच पोरगा वॉर्डाबाहेर बसून राहिला होता, हे मी विसरलेले नाही. पण म्हणून डॉक्टरांचं नाव बुडू द्यायचं? मी म्हटलं, "वाचवू नकोस. फक्त खोटं बोलू नकोस." आणि उठले.

सुनावणीला तिघे सदस्य, समोर लॅबच्या मालकाचे वकील. डॉक्टरांना पहिला प्रश्न, डोंगल दुसऱ्याकडे का दिलं? त्यांनी सरळ सांगितलं, "चूक केली. त्याची शिक्षा द्या, घेईन. पण रिपोर्ट माझा नाही." मग मला बोलावलं. मी तीन सेकंदांची गोष्ट सांगितली, वर तुम्हाला सांगितली तशीच. वकील हसले.

"म्हणजे बाई, खोटी खूण करणारा प्रोग्राम तुम्हीच बनवलात?"

"हो."

"नऊ वर्षं लोकांना सांगत होता की तो बरोबर आहे?"

"हो."

"मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"अजिबात ठेवू नका," मी म्हटलं. "तपासा. यादी खुली आहे, आत्ता मोबाइलवर उघडा, डॉक्टरांचा नंबर आणि रद्द झाल्याची तारीख त्यात आहे. मग लॅबच्या सर्व्हरवरचा लॉग मागवा. फाइलचं नाव मी लिहून देते. त्या रिपोर्टसमोर काय लिहिलंय ते तुमच्या माणसाकडून वाचून घ्या, माझ्याकडून नको."

अध्यक्षांनी मोबाइलवर तिथेच यादी उघडली, चष्मा कपाळावर सरकवून नंबर जुळवला, शेजारच्यांना दाखवला. लॉग मागवायचा हुकूम झाला. त्यात होतं ते होतंच, यादी मिळाली नाही, पुढे गेलो. पुढच्या तारखेला निकाल लागला. डोंगलाबद्दल डॉक्टरांना ताकीद, आणि तो रिपोर्ट त्यांचा नाही अशी लेखी नोंद. नोंदणी शाबूत राहिली.

बाहेर जिन्यावर मला वाटलं त्या आता आभार मानतील. त्या म्हणाल्या, "मी तुझ्यावर अजून रागावलेय."

"रागवा," मी म्हटलं.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशीच ऑफिसच्या दारावर माझं कार्ड चालेनासं झालं होतं. लाल दिवा. एवढं एक रद्द करणं त्यांनी वेळेवर आणि नीट केलं, ह्याचं मला कौतुक वाटलं. निरोप समारंभ नाही, शाल-नारळ नाही. नकोच होता. निकालानंतर कंपनीनं ती ओळ काढली, आता पिवळं दिसतं आणि लॅबवाले मुकाट्यानं आपापले रस्ते उघडतात असं ऐकते. मला कुणी दुराग्रही म्हणो, घरभेदी म्हणो. ती ओळ गेली ना? मग झालं.

पण डॉक्टरांचं नाव मोकळं झालं तरी त्या नावानं त्या चार महिन्यांत गेलेले बाकीचे रिपोर्ट लोकांच्या घरी पडलेले होतेच. समितीनं लॅबला सांगितलं, पेशंटना कळवा. लॅबनं इंग्रजीत एक गुळमुळीत एसेमेस पाठवला. डॉक्टरांनी तो मला वाचून दाखवला आणि फोनवरच कडाडल्या, "हे कोण वाचणार? कुणाच्या बापाला कळणार आहे?" त्यांनी समितीकडे अर्ज केला, परवानगीनं नावांचे कागद मिळवले, ओळखीच्या एका लॅबला मुलुंडमध्ये रक्त घ्यायला तयार केलं. स्लाइड स्वतः बघणार. मग मला फोन. "रिकामीच आहेस ना आता? ये."

गेले. त्यांच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले. त्या फोन लावायच्या, मी पत्ता आणि वेळ लिहून घ्यायचे. काही लोक घाबरायचे, काही शिव्या द्यायचे, काहींना वाटायचं आम्ही काहीतरी विकतोय. त्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या, न कंटाळता, न गुळमुळता. "मी डॉक्टर प्रभुदेसाई. तुमच्या रिपोर्टवर माझं नाव आहे. तो मी बघितलेला नाही. परत तपासून घ्या."

भांडुपच्या एक बाई ऐकेचनात. फोन स्पीकरवर होता. "अहो डॉक्टर, कशाला परत सुया टोचायच्या? माझ्या सुनेनं स्कॅन केलं होतं. हिरवं आलंय. हिरवं म्हणजे पक्कं ना?"

डॉक्टरांनी फोन माझ्यासमोर सरकवला.

"ताई, मी शोभा कांबळे," मी म्हटलं. "ते हिरवं मी केलंय. ते खोटं आहे. उद्या सकाळी काही न खाता या."